तबकड्यांचे बारसे

भाऊबीज झाली की झाडीपट्टीत मंडया भरू लागतात, आणि मंडईच्या रात्री नाटक नाही असे गाव शोधून काढणे कठीण. वडसा-देसाईगंजला नाटकमंडळ्यांच्या कचेऱ्या आहेत. तिथे गावोगावची माणसे येतात, नाटक ठरवतात, तारीख घेतात आणि विसार देऊन परततात. रात्री दहाच्या सुमारास वर गेलेला पडदा खाली येतो तो पहाटेच. या रंगभूमीवर हयात घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्यामुंबईच्या पुष्कळ सद्गृहस्थांनी झाडीपट्टी हा शब्द पहिल्यानेच ऐकला असावा.

याच मुलखाच्या दक्षिणेला, आलापल्लीच्या सागवानी जंगलापासून जवळ, मुलचेरा तालुका आहे. झाडीबोली बोलणारे शेतकरी, माडिया गोंड, थोडे तेलुगू बोलणारे, आणि १९६०च्या दशकात पूर्व बंगालमधून निर्वासित म्हणून आलेली, सरकारने येथे वसवलेली बंगाली कुटुंबे, अशी या तालुक्याची वस्ती आहे. दिवाळीच्या अमावास्येला आपण लक्ष्मीपूजन करतो. त्याच रात्री सुंदरनगर, विवेकानंदपूर यांसारख्या गावांत कालीपूजा चाललेली असते. एकाच तालुक्यात एकाच रात्री चार भाषांत दिवे लागतात म्हणा ना!

या शतकाची पहिली दहा-बारा वर्षे ही व्हिडिओच्या तबकड्यांची वर्षे होती. लग्न असो, नाटक असो, दंडार असो की दुर्गापूजा असो. तालुक्याच्या गावचा कॅमेरेवाला येई, चित्रण करी आणि महिन्याभराने दोन-तीन चकचकीत सीड्या पाकिटात घालून आणून देई. घरातल्या प्लेअरवर त्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवल्या जात. पुढे प्लेअर बिघडले, ते दुरुस्त करणारे दुसऱ्या धंद्याला लागले, आणि नव्या लॅपटॉपला तर तबकडी घालायची फटच राहिली नाही. तबकड्या मात्र पत्र्याच्या पेटीत, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली तशाच पडून आहेत. घरी जाळलेल्या तबकडीतला रंगाचा थर उष्णतेने आणि दमटपणाने हळूहळू निकामी होतो, आणि आमच्याकडचा उन्हाळा व पावसाळा कुणाची भीड धरणारा नाही. म्हणून शहाणी माणसे आता या तबकड्या संगणकावर उतरवून घेऊ लागली आहेत.

ही गोष्ट स्तुत्यच. परंतु उतरवून घेतलेल्या फाइलीला नाव काय द्यायचे, याचा विचार करणारा मला अद्याप क्वचितच भेटला. आणि माझे म्हणणे असे की खरे संकट तिथे आहे.

मुलचेऱ्यात एका दुकानात पाहिलेला प्रकार सांगतो. एक शेतकरी सात तबकड्या घेऊन आला होता. त्या सगळ्या एका पेन ड्राइव्हमध्ये भरून हव्या होत्या. दुकानातल्या मुलाने काम चोख केले. तासाभरात सगळ्या तबकड्या आत. ‘न्यू फोल्डर’, ‘न्यू फोल्डर २’, ‘न्यू फोल्डर ३’, अशी सात घरे झाली, आणि प्रत्येक घरात तेच नाव असलेला एकेक रहिवासी. शेतकरी पडद्याकडे बराच वेळ पाहत राहिला. मग मला म्हणाला, “पाहा ना जी सर, यातल्या एकात माजी माय लगनाचे गाने म्हनते. आता कोनत्यात आहे, कसा ओळखावा?” माय जाऊन चार वर्षे झाली होती. तिच्या आवाजाची दुसरी खूण घरात नव्हती.

ही सारखी नावे येतात कुठून, ते आधी पाहू. व्हिडिओ सीडीचे प्रमाण १९९३ साली ठरले. त्या प्रमाणाप्रमाणे चित्रे ‘एमपीईजीएव्ही’ नावाच्या कप्प्यात असतात, आणि फाइलीचे नाव असते ‘एव्हीएसईक्यू०१.डॅट’. लग्न मुलचेऱ्याचे असो की मलेशियातले, नाव हेच. डीव्हीडी १९९६ साली बाजारात आली. तिच्यात ‘व्हिडिओ_टीएस’ हा कप्पा आणि आत ‘व्हीटीएस_०१_१.व्हीओबी’, ‘व्हीटीएस_०१_२.व्हीओबी’ अशी रांग. ही नावे इतकी आखूड आणि रूक्ष का, तर सीडीवरील फाइलींचे जे प्रमाण १९८८ साली ठरले त्याच्या पहिल्या पायरीत नावाला आठच अक्षरे, टिंबानंतर तीन, आणि तीही इंग्रजी मोठी अक्षरे, अंक व अधोरेषा एवढीच चालत. शिवाय यात एक शहाणपणही होते. नाव ठरलेले असल्याने जगातला कोणताही प्लेअर डोळे मिटून योग्य फाइलीपाशी जातो. ती नावे यंत्राने यंत्रासाठी ठेवलेली आहेत, आणि तबकडीच्या आत ती योग्यच आहेत.

तबकडीला पाकीट असते, पाकिटावर कुणीतरी काही खरडलेले असते, निदान तिचा रंग आणि ओरखडे ओळखीचे असतात. संगणकात येताना हे सगळे बाहेर राहते. सोबत येते ते फक्त नाव. ते यंत्राचेच राहिले तर दोन आपत्ती ओढवतात. पहिली आपण पाहिली. दुसरी तिच्याहून वाईट. एकाच कप्प्यात पहिल्या तबकडीची फाइल ठेवली आणि दुसरी आणून टाकली, की संगणक विचारतो : या नावाची फाइल आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू का? कंटाळलेला माणूस ‘होय’ म्हणतो. तिथेच पहिली फाइल गेली. एका लग्नावर दुसरे लग्न बसते आणि घरात कुणाला पत्ताही नसतो.

डीव्हीडीच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. एक व्हीओबी फाइल एका गिगाबाइटपेक्षा मोठी होऊ द्यायची नाही असा नियम असल्याने दोन तासांचा कार्यक्रम तीन-चार तुकड्यांत तोडलेला असतो, आणि ते तोडणे निव्वळ मापाचे. नटाचे वाक्य पुरे झाले की नाही याच्याशी त्याला कर्तव्य नसते. म्हणून असे तुकडे वेगवेगळ्या नावांनी ठेवू नयेत. ‘हँडब्रेक’ किंवा ‘मेकएमकेव्ही’ यांसारखी साधने ते जोडून एक सलग फाइल करून देतात. मात्र नाव देणे त्यांनाही जमत नाही. मेकएमकेव्ही ‘टायटल_टी००’ असे काहीतरी लिहून मोकळे होते. व्हिडिओ सीडीची गोष्ट वेगळी. तिच्यात सुमारे ७४ मिनिटे मावतात, तेव्हा पाच तासांच्या नाटकाला चार तबकड्या भरून पाचवी लागते. हे भाग खरे भाग; त्यांना क्रमांक हवा.

आता थोडे आमच्या विषयाकडे वळतो. मराठीचा अध्यापक तबकड्यांत कशाला नाक खुपसतो, असे कुणाला वाटेल. पण नाव नसलेल्या वस्तूंशी झुंजणे हाच आमचा जुना धंदा आहे. आपल्याकडच्या पोथ्या पाहा. पाने सुटी असत, धाग्याने बांधलेली नसत. एखाद्या पावसाळी वाऱ्याने चार पोथ्यांची पाने एकत्र उडाली तर काय करायचे? म्हणून लेखक पानाच्या समासात ग्रंथाचे आखूड नाव आणि पानाचा आकडा घालीत असत. शेवटी पुष्पिका असे : ग्रंथ कोणता, शके किती, तिथी कोणती, कोणत्या गावी कुणी उतरवला. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये सिद्ध झाली आणि एकनाथांनी तिचा पाठ शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली शुद्ध केला, हे आपण छातीठोकपणे सांगतो ते ग्रंथाच्या शेवटी तसे नोंदलेले आहे म्हणून. फाइलीच्या नावात याहून वेगळे काही मागायचे नाही. समासातले आखूड नाव, पानाचा आकडा आणि पुष्पिका, एवढे एका ओळीत बसले की काम झाले.

उलट जिथे ही काळजी घेतली गेली नाही तिथे काय झाले? राजवाड्यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने छापायला घेतली, सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ भाग काढले. त्यातल्या कितीतरी पत्रांवर महिना आहे, तिथी आहे, पण साल नाही. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला साल ठाऊकच होते, लिहायचे कशाला? ते साल ठरवण्यासाठी मागाहून विद्वानांनी दिवे जाळले, भांडणे केली आणि काही ठिकाणी अजून एकमत नाही. लग्नाच्या सीडीवर ‘राजू वेड्स सुनीता’ एवढेच लिहिणारा कॅमेरेवाला त्याच परंपरेतला. त्या वर्षी गावात सर्वांना ठाऊक होते कोणता राजू. वीस वर्षांनी तालुक्यात चाळीस राजू असतात आणि सुनीतेचे सासरचे नावही बदललेले असते.

चित्रपटाच्या क्षेत्रात तर याहून मोठे उदाहरण आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढला. १९१७ साली त्यांनीच तीच कथा पुन्हा ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्र’ म्हणून चित्रित केली. पुण्याला १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पहिल्या चित्रपटाची म्हणून जी पहिली आणि शेवटची रिळे जपली आहेत, ती १९१३ ची नसून १९१७ च्या चित्रपटाची असावीत असे काही अभ्यासकांचे मत आहे. विचार करा, वाचकहो! भारतीय चित्रपटाचा जन्मसोहळा ज्यात आहे तो डबा कोणत्या बाळाचा, यावर शंभर वर्षांनी वाद. आणि तीच कथा प्रभातने १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ म्हणून बोलती केली, मराठीत एकदा आणि हिंदीत एकदा. चित्रपटाच्या नावापुढे कंसात साल घालण्याची पद्धत यासाठीच पडली. नुसते ‘श्यामची आई’ म्हणून चालत नाही. अत्र्यांचा १९५३ चा की नवा २०२३ चा, हे सांगावे लागते.

बाजारात विकत मिळणाऱ्या चित्रपटांच्या तबकड्यांना पुष्कळदा कुलूप असते, आणि ते फोडण्याबद्दल १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात २०१२ साली स्वतंत्र कलम आले आहे. तो विषय वकिलांचा. माझे पुढचे बोलणे घरच्या आणि गावच्या तबकड्यांपुरते.

तर नाव कसे असावे? आधी साल, मग महिना, मग दिवस, नंतर गाव, नंतर प्रसंग, नंतर कुणाचा, शेवटी भाग. उदाहरणार्थ, ‘२००७-११-०९ सुंदरनगर-मुलचेरा कालीपूजा बंगाली-नाटक भाग-०२’. साल आधी घेतले की संगणक आपोआप काळाच्या क्रमाने रांग लावतो. दिवस आधी घेतला तर सगळ्या वर्षांच्या एक तारखा एका ठिकाणी जमतात. पाकिटावरचे ‘०५/०४/०७’ हे ५ एप्रिल की ४ मे, कुणी सांगावे? शिवाय ती तिरकी रेघ विंडोजमध्ये नावात चालतच नाही. तशीच अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, तारका, अवतरणचिन्ह, उभी रेघ हीही चालत नाहीत. भागाला एकाऐवजी ‘०१’ लिहावे, कारण पुष्कळ यंत्रे, विशेषतः जुने दूरदर्शन संच, एकानंतर दहा आणि मग दोन अशी मोजणी करतात. नाटकाचा दहावा अंश दुसऱ्याच्या आधी पाहिला की खलनायक मेलेला असतो आणि पुढे येऊन गाणे म्हणतो. अंक इंग्रजी वळणाचे ठेवावेत. इथे छपाईच्या रीतीने मी मराठी घातले आहेत, पण वेगवेगळी साधने मराठी अंकांची रांग वेगवेगळी लावतात.

तारीख ठाऊक नसेल तर? ठाऊक आहे तेवढीच लिहावी. ‘२००७’ एवढेच पुरे. अंदाज असेल तर ‘अंदाजे’ हा शब्द घालावा. संगणक फाइलीसमोर जी तारीख दाखवतो तिच्यावर विसंबू नये. ती तबकडी जाळल्याची असते, नक्कल केल्याची असते, आणि कॅमेऱ्याचे घड्याळ लावलेलेच नसेल तर कसलीच नसते.

बंगाली गावांत हा प्रश्न फार गोड वळण घेतो. एका पाकिटावर बंगाली अंकांत साल होते. बंगाली चारचा आकडा हुबेहूब इंग्रजी आठसारखा दिसतो आणि सात हा नवासारखा. ते साल १४१४ होते. न समजणाऱ्याने ते ‘१८१८’ म्हणून उतरवले असते, आणि पुढे एखाद्या संशोधकाने पेशवाईच्या अखेरीचे चलच्चित्र सापडले म्हणून लेख लिहिला असता! १४१४ हे बंगाली वर्ष. ते एप्रिल २००७ च्या मध्याला सुरू झाले. त्यात कालीपूजा दिवाळीच्या अमावास्येला, म्हणजे ९ नोव्हेंबर २००७ ला. असा हिशेब करून नाव द्यावे.

लिपी कोणती घ्यावी, यावर माझे मत पक्के आहे : आपली. रोमनमध्ये लिहिले की ‘माळ’, ‘माल’, ‘मळ’, ‘मल’ सगळे एका साच्यात जातात. ‘जत्रा’ हाच शब्द घ्या. मराठी माणसाला जत्रा म्हणजे देवाची जत्रा. बंगाली माणूस ‘जात्रा’ म्हणतो तेव्हा त्याला उघड्या रंगमंचावरचे नाटक अभिप्रेत असते. आणि २००६ साली ‘जत्रा’ नावाचा मराठी चित्रपटही आला. रोमन अक्षरांत तिघांची स्पेलिंगे एकच. म्हणून वरच्या उदाहरणात मी ‘बंगाली-नाटक’ असे लिहिले. गोंडी गाणी असतील तर ‘गोंडी’, दंडार असेल तर ‘दंडार’; भाषा आणि प्रकार स्पष्ट सांगावा.

देवनागरीत दोन अडचणी आहेत, त्या लपवत नाही. जुन्या मराठी टाइपांनी लिहिलेले नाव फाइलीला देता येत नाही, कारण तिथे टाइप निवडायची सोयच नसते. युनिकोडमध्येच लिहिले पाहिजे. दुसरी अडचण जागेची. लिनक्सवर नावाला २५५ बाइट मिळतात, आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला, मात्रा-वेलांटीलासुद्धा, तीन बाइट लागतात. ‘मुलचेरा’ या चार अक्षरांत म, उकार, ल, च, मात्रा, र आणि काना अशी सात चिन्हे. म्हणजे २१ बाइट. एकूण ८५ चिन्हांत नाव आटोपले पाहिजे. निबंध लिहिण्याची सवय असणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. जुन्या संचावर देवनागरी नावाऐवजी चौकोन दिसतात हेही खरे. त्या संचासाठी वेगळ्या पेन ड्राइव्हवर रोमन नावाची एक नक्कल करावी, मूळ प्रतीला हात लावू नये.

नावात जे मावत नाही ते शेजारी एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहावे, तिला तेच नाव द्यावे. तिथे लांबण लावायला मोकळीक आहे. गाणाऱ्या बाया कोण, ढोलकीवर कोण, मांडवात लाल फेटा बांधून बसलेला म्हातारा कुणाचा कोण लागतो, नाटकाचा लेखक कोण, मंडळी कोणत्या गावची. बंगाली नाव बंगाली लिपीत, गोंडी शब्दाचा उच्चार जसा ऐकला तसा.

हे काम संगणक जाणणाऱ्याला एकट्याने करता येत नाही. त्या शेतकऱ्याच्या सात तबकड्यांचा उलगडा त्याच्या मावशीने केला. डोळ्यांनी अधू असलेली ती बाई पडद्याकडे पाहतच नव्हती. एकेक फाइल दोन-दोन मिनिटे ऐकवायची आणि ती सांगायची : हे भावाच्या घरचे, हे पलीकडच्या पोराचे, यात पाऊस आला होता. चौथ्या फाइलीच्या मध्यावर ती थांबवायला म्हणाली आणि तिने बहिणीचे नाव घेतले. तिथे त्या नावाने, साल आणि गाव घालून, फाइलीचे बारसे झाले. मजकुराच्या फाइलीत गाण्याची वेळ लिहिली : ३१ मिनिटांपासून ३८ मिनिटांपर्यंत. मावशीने त्या बसवणीत आणखी अकरा माणसांची नावे सांगितली. त्यांतली चार नावे घरात दुसऱ्या कुणालाही ठाऊक नव्हती.

झाडीपट्टीतल्या नटांकडे असाच ठेवा आहे. कोणत्या हंगामात कोणत्या नाटकात कोण नायिका होती, कोणत्या गावी मंडप कोसळला, हे त्यांना मुखोद्गत असते; लिहिलेले कुठे सापडत नाही. मंडयांचा हंगाम संपून शेतीची कामे लागण्यापूर्वी जे आठवडे मिळतात, त्यात एखाद्या महाविद्यालयाच्या मुलांनी लॅपटॉप घेऊन त्यांच्या ओसरीवर बसायला हरकत नाही. बंगाली गावांत तर घाई अधिक आहे. पूर्व बंगालमधले गाव डोळ्यांनी पाहिलेली पिढी आता बोटांवर मोजण्याइतकी.

उतरवून झालेली तबकडी फेकू नये. फाइलीला एक क्रमांक द्यावा आणि तोच तबकडीवर लिहावा, म्हणजे पुढे शंका आल्यास मूळ पाहता येते. लिहिताना बॉलपेन वापरू नये. सीडीचा चकाकणारा थर वरच्या बाजूला, लाखेच्या पातळ लेपाखाली लगेच असतो आणि टोकाने तो खरवडला जातो. मऊ टोकाच्या पेनने मधल्या पारदर्शक कड्यावर लिहावे. कागदाची चिठ्ठी चिकटवू नये, तबकडी फिरताना डगमगते. नक्कल दोन ठिकाणी ठेवावी, एक घरी आणि एक दुसऱ्या गावी, लेकीकडे किंवा भावाकडे. आणि दोन्हीकडे नावे एकच असावीत.